खडकवासल्याचा समुद्र

पुण्याला समुद्र नाही, असे आपण मुलांना सांगतो. ते सर्वस्वी खरे नाही. सिंहगडाच्या वाटेवर खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. मूळ स्थापना 1916 सालची. तेथे बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधतात आणि यंत्राने पाणी ढकलून त्यांवर लाटा सोडतात.

वस्तीतली मुले घेऊन, रीतसर परवानगी काढून मी तेथे गेलो. मी बी.कॉम. झालेला कारकून, पण तेथेही हिशेबच निघाला! प्रतिकृती शंभरपट लहान केली, तर काळ दहापटच लहान करायचा. समुद्रात दहा सेकंदांनी येणारी लाट तिथे सेकंदाला येते.

मुलांना नेण्यामागे कारण होते. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले 14 विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून आमच्या मंडळाची कोकण सहल ठरली की आया-बहिणी विचारतात, "भाऊ, तिथं भोवरा असतो का हो?"

वाचकहो, भोवरा असतो. पण माणसाला नेतो तो बहुधा प्रवाह. लाट उथळ पाण्यात आली की तिला तळ लागतो. तिचा वेग घटतो, उंची वाढते आणि ती फुटते. अशा लाटा पाणी किनाऱ्याशी लोटून ठेवतात. ते पाणी परतीची वाट शोधते आणि वाळूच्या बुडालेल्या दांड्यात जिथे खिंड असेल तिथून जोराने समुद्रात निघते. शेजारी लाटा फुटतात, खिंडीत फारशा फुटत नाहीत; या फरकाने पाण्याला पीळ बसतो आणि प्रवाहाच्या दोन्ही अंगांना भोवरे फिरू लागतात. समोरून येणारी लाट त्या प्रवाहाला भिडली की आखूड आणि उभट होते.

फसगत पुढेच आहे. फेसाच्या मधला हा शांत, गडद पट्टा पोहता न येणाऱ्याला सुरक्षित वाटतो. अलिबागला मीच धाकटीला तिथे उभे केले होते, "इथं लाटा नाहीत" म्हणून! तिच्या पायाखालची वाळू सरकू लागली तशी एका कोळी मावशींनी लांबून ओरडून आम्हाला बाहेर बोलावले.

हा प्रवाह खाली खेचत नाही, बाहेर नेतो. सरळ किनाऱ्याकडे झुंजणारा दमतो आणि बुडतो. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, जमेल तर किनाऱ्याला समांतर सरकावे आणि मग बाहेर यावे.

आता सहलीच्या पत्रकात आम्ही भरती-ओहोटीच्या वेळा छापतो. पाण्यात उतरण्याआधी गावातल्या कोळ्यांना विचारतो. ते "आज नको" म्हणाले, तर शहाळी पिऊन परततो. मुले कुरकुरतात.