नेमबाजाचें काडतूस

शाळेच्या वार्षिकांत मास्तरांनीं काडतुसांविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु महात्माजी १९३६ सालीं ज्या शेगांवीं (तेंच पुढें सेवाग्राम झालें) राहावयास आले, तें गांव आणि पुलगांवचें लष्करी दारूगोळ्याचें भांडार हीं एकाच वर्धा जिल्ह्यांत आहेत. तेव्हां हा विषय आम्हां वर्धेकरांस अगदींच परका नाहीं.

मला नेमबाजीचा नाद चाळिशींत लागला, तोहि डोळ्यांस चष्मा आल्यावर! सवड मिळेल त्या शनिवारीं नागपुरास एका रेंजवर जाऊन, तेथील ०.२२ इंची पिस्तुलानें पंचवीस मीटरांवरील निशाणावर मी सराव करतों. एकदां चार पैसे वांचविण्याच्या लोभानें मीं जुन्या सांठ्यांतील पन्नासांची एक पेटी घेतली. पुठ्ठा ओलाव्यानें मऊ पडला होता आणि गोळ्यांवर पांढुरकी पूड चढली होती. हें मला दिसलें होतें. दिसूनहि मीं ती घेतली. दोन बार नीट झाले. तिसऱ्या वेळीं चाप ओढला, तों नुसता 'टक्' असा आवाज. काय झालें म्हणून पाहण्यास मी पिस्तुलासकट वळलों. "अहो मास्तर, तोंड निशाणाकडे!" असें ओरडून तेथील वृद्ध हवालदारांनीं माझें मनगट धरलें. माझ्या डावीकडे, सोबत आणलेला आमचा नववींतला एक विद्यार्थी उभा होता. नळीचें तोंड त्याच्या अंगावरून गेलें कीं नाहीं, हें मीं त्या दिवशीं कोणास विचारलें नाहीं. कारण उत्तर मला ठाऊक होतें.

हवालदारांनीं अर्धें मिनिट पिस्तूल निशाणाकडे तसेंच धरावयास लाविलें. क्वचित् ठिणगी आंत धुमसत राहते आणि बार उशिरां होतो. मग काडतूस काढून त्यांनीं मला त्याची कड दाखविली. या जातीच्या काडतुसांत पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेंत भरलेला असतो. तो सर्वत्र सारखा पसरला नसेल, किंवा त्यास ओल अथवा तेल लागलें असेल, तर घाव बसूनहि बार होत नाहीं. आमच्याकडील उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि पाठोपाठ पावसाळा. म्हणून पेटी घट्ट झांकणाच्या डब्यांत, थंड व कोरड्या जागीं ठेवावी, हें मी त्यानंतर शिकलों.

स्वच्छतेचेंहि तसेंच. पूर्वींच्या मसाल्यांतील क्षार नळींत राहून ओल ओढीत व गंज चढवीत. आतांच्या चांगल्या काडतुसांत तो दोष नसतो. तथापि उघड्या शिशाच्या गोळीवरील मेण आणि दारूची काजळी सांचते, आणि मग रिकामी पुंगळी बाहेर पडतांना अडकते. फार वेगाचीं, मोठ्या आवाजाचीं काडतुसें मुलांस आवडतात. पंचवीस मीटरांवर त्यांचा कांहीं लाभ नाहीं, उलट हात अधिक उसळतो. राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें, तें याच ०.२२ इंची पिस्तुलाच्या प्रकारांत. मी आतां मध्यम वेगाचींच घेतों. वाळूच्या पिशवीवर हात टेकून पांच पांच बार करतों, छिद्रें किती जवळ पडलीं तें पाहतों, आणि जी जात माझ्या हातच्या पिस्तुलास मानवते, तिचाच लॉट-क्रमांक पाहून पुढची पेटी घेतों. एकाच कंपनीचे दोन लॉटहि सारखे निघत नाहींत. जेवणाचा डबा उघडण्यापूर्वीं साबणानें हात धुतों. शिसें पोटांत जाणें बरें नव्हे.

न उडालेलें काडतूस निरुपद्रवी झालें असें समजूं नये. ३१ मे १९१६ नव्हे, २०१६ ची ती पहांट वर्ध्यांतील कोण विसरेल? पुलगांवच्या भांडारांतील आगींत जवान व अग्निशामक दलाचीं माणसें गेलीं. पुढें २० नोव्हेंबर २०१८ रोजीं, निकामी दारूगोळा नष्ट करावयाच्या कामीं स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत पोटासाठीं आलेले मजूर होते. माझ्या पेटींतील उरलेलीं सत्तेचाळीस आणि तें एक, अशीं सर्व मीं हवालदारांच्या स्वाधीन केलीं.

तो विद्यार्थी सध्यां दहा मीटरांवर हवेच्या पिस्तुलानें सराव करतो. त्याचे छर्रे साडेचार मिलिमीटरांचे असतात. बार करण्यापूर्वीं तो ते पांढऱ्या कागदावर ओततो आणि ज्यांची कड चेपलेली दिसते, ते एकेक करून बाजूस काढतो. मीं त्यास हें शिकविलेलें नाहीं.