घड्याळ तेच, माणूस नवा

टिक्... टिक्... टिक्! काळ्या पडद्यावर पिवळे आकडे आणि दर सेकंदाला एक ठोका. नुसतं एवढं ऐकलं तरी ज्यांच्या पोटात गोळा येतो, अशा लोकांपैकी मी एक. ही टिकटिक '२४' या अमेरिकन थरारमालिकेतली. (लहान दोस्तांनी ती आत्ताच बघायचा हट्ट धरू नये बरं का! मारहाणीचे आणि छळाचे प्रसंग फार आहेत. आई-बाबांनी कदाचित बघितली असेल, त्यांना विचारा.)

नोव्हेंबर २००१ मध्ये ती फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. युक्ती साधी, पण भन्नाट. एक भाग म्हणजे एक तास, आणि २४ भागांच्या अख्ख्या पर्वात मिळून एकच दिवस. मध्ये जाहिराती लागल्या तरी गोष्टीतलं घड्याळ आपलं चालूच! जॅक बाउर हा दहशतवाद्यांच्या मागावर धावणारा सरकारी अधिकारी, आणि ते काम करणारा नट किफर सदरलँड. २०१० पर्यंत आठ पर्वं झाली, म्हणजे १९२ भाग. मग २०१४ मध्ये लंडनमध्ये घडणारे आणखी १२.

आणि २०१७ मध्ये '२४: लेगसी' आली. लेगसी म्हणजे वारसा. घड्याळ तेच, पडद्याचे चौकोनी तुकडे तेच, दहशतवादविरोधी खातं तेच. फक्त जॅक नाही! सदरलँड एव्हाना दुसऱ्या मालिकेत गुंतला होता. 'लेगसी'च्या निर्मात्यांत त्याचं नाव होतं, पण पडद्यावर तो नव्हता. नवा नायक एरिक कार्टर, माजी सैनिक, आणि नट कोरी हॉकिन्स.

सुरुवात तर अशी दणक्यात, की विचारू नका. ५ फेब्रुवारीला अमेरिकेतल्या फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना, सुपर बोल, संपल्यावर लगेच पहिला भाग! सामना जादा वेळेत गेला, मालिका रात्री उशिरा लागली, तरी सुमारे पावणेदोन कोटी लोकांनी ती बघितली. पुढे मात्र आकडे भराभर घसरले. बारा भाग झाले आणि जूनमध्ये फॉक्सने मालिका बंद केली.

'जॅक नाही म्हणून पडली' असं सगळे सरसकट म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. अहो, २००१ साली जॅक तरी कुणाला माहीत होता? तोही पहिल्या दिवशी परकाच होता. पण त्याची तुलना करायला कुणी नव्हतं. आणि मग पहिल्या पर्वाच्या शेवटी त्याच्या घरातलंच माणूस जातं, तेव्हा ती टिकटिक एकदम बंद होते. नुसते आकडे पुढे सरकतात, आवाज नाही. त्या शांततेनं जॅक आपला झाला. घड्याळानं भीती वाटते, खरं आहे. पण कुणासाठी वाटायची, ते माणूस ठरवतं. आणि तसा जीव जडायला तास जावे लागतात.

माझ्या भाचीच्या शाळेतली गोष्ट सांगतो. गॅदरिंगच्या नाटकात राणीचं काम करणाऱ्या मुलीच्या वडिलांची बदली झाली, आणि आठ दिवस उरले असताना ते काम भाचीकडे आलं. तालमीत जो तो सांगे, "ती असं हसायची, तू तसं हस. ती इथून यायची, तू इथून ये." एका संध्याकाळी ती रडवेली होऊन मला म्हणाली, "मामा, मी तिचं काम करू का राणीचं?"

'लेगसी' बघताना मला हाच प्रश्न आठवत होता. एरिकला त्यांनी जॅकच्याच वाटेनं पळवलं. पुन्हा बायकोच्या जिवाला धोका, पुन्हा खात्यात फितूर कोण हा संशय. भरीला जॅकचा जुना साथीदार टोनी आल्मेडाही आणला. तो पडद्यावर आला की जॅकची आठवण जास्तच यायची!

गंमत म्हणजे मूळ नायकाशिवाय हे घड्याळ आपल्याकडे आधीच चाललं होतं. अनिल कपूरनं २०१० च्या आठव्या पर्वात एका काल्पनिक देशाच्या राष्ट्राध्यक्षाचं काम केलं होतं. मग त्यानं ही मालिका हिंदीत आणली. २०१३ मध्ये 'कलर्स'वर तो स्वतःच जयसिंग राठोड झाला. पहिल्या पर्वाचा दिग्दर्शक आपला अभिनय देव, रमेश देव आणि सीमा देव यांचा मुलगा. २०१६ मध्ये दुसरंही पर्व आलं. इथं बहुतेकांच्या डोक्यात किफर नव्हताच, आणि अनिल कपूर तर घरोघरी ओळखीचा. बिचाऱ्या हॉकिन्सकडे यातलं काहीच नव्हतं.

नाटकवाल्यांना हे सगळं नेहमीचंच. मराठी नाटकात एक नट जातो, दुसरा त्याच कामाला उभा राहतो. त्याला ते 'रिप्लेसमेंट' म्हणतात आणि दौऱ्याची बस पुढे निघते. 'लेगसी' सुरू होती, त्याच दिवसांत हॉकिन्स न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'सिक्स डिग्रीज ऑफ सेपरेशन' या जुन्या नाटकात पॉलचं काम करत होता. ते कामही आधी दुसऱ्यांनी गाजवलेलं, १९९३ च्या चित्रपटात तर विल स्मिथनं केलेलं. त्या कामासाठी मे २०१७ मध्ये हॉकिन्सला टोनी पुरस्काराचं नामांकन मिळालं. मालिका बंद व्हायला तेव्हा महिनाभर अवकाश होता.