चकलीचा उपवास

"काय रे, जेवली का ती?"

2024 च्या जूनमध्ये घरून येणारा प्रत्येक फोन याच प्रश्नाने सुरू व्हायचा. मी जेवलो की नाही हे विचारायचं आई चक्क विसरून गेली होती! 'ती' म्हणजे कोण, याबद्दल ज्यांचे कान टवकारले गेले असतील त्यांची आधीच निराशा करून टाकतो. 'ती' एक अजगरीण होती. वय नऊ महिने, लांबी दीड-दोन फूट, वजन 142 ग्रॅम. म्हणजे आपल्या मेसच्या वरणाच्या वाटीपेक्षाही कमी.

तर झालं असं की, तिसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपल्या आटोपल्या मी दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी जर्मनीत ड्रेस्डेनला गेलो. तिथे तीन-चार विद्यार्थी मिळून एक फ्लॅट घेतात. खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर एक. माझ्या शेजारच्या खोलीत बायोलॉजी शिकणारी एक मुलगी राहत होती. मी गेल्यावर पाचव्याच दिवशी ती एका ब्रीडरकडून एक डबा घेऊन आली. डब्यात तपकिरी-काळ्या ठिपक्यांचा एक गोळा होता. बॉल पायथन! मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा अजगर बिनविषारी असतो आणि अजगरांच्या मानाने अगदी लहान. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून नाव बॉल पायथन. मुलीने तिचं नाव ठेवलं 'ब्रेत्सेल'. ब्रेत्सेल म्हणजे तिकडचा पीळ घातलेला खारा पाव. मी त्याचं मराठीत भाषांतर केलं... चकली.

25 मे ला चकलीला पहिल्यांदा उंदीर दिला. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. दोन दिवसांनी माझी शेजारीण फील्डवर्कसाठी पाच आठवडे नॉर्वेला निघाली. जाताना मला म्हणाली, "पाणी बदल, आठवड्यातून एकदा उंदीर दे, बस्स! उंदीर फ्रीझरमध्ये आहेत."

आमच्या घरी अंडंसुद्धा गॅसवर चढत नाही. आणि इथे फ्रीझर उघडला की मटारच्या पाकिटाशेजारी पांढऱ्या उंदरांचं पाकीट! पण मी "हो" म्हणून बसलो होतो. परक्या देशात ज्या मुलीने मला कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायचा इथपासून सगळं शिकवलं, तिला नाही कसं म्हणणार?

1 जून, शनिवार. मोहीम सुरू. गोठलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पिशवीत बंद करून गरम पाण्यात धरायचा. मायक्रोवेव्ह चालत नाही. तो बाहेरून शिजवतो आणि आत बर्फ तसाच राहतो. (पोहे गरम करताना हा अनुभव सगळ्यांनीच घेतलाय, फक्त पोहे फुटत नाहीत!) अजगराच्या वरच्या ओठावर बारीक खळगे असतात. त्यांनी त्याला उष्णता 'दिसते'. म्हणजे थंड उंदीर त्याच्या दृष्टीने दगडच. उंदराचं डोकं साधारण 38 अंशांवर हवं, जिवंत उंदराइतकं.

मी सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. संध्याकाळी सात वाजता, लांब चिमट्यात उंदीर धरून, मान वळवून, एक डोळा मिटून तो चकलीपुढे हलवला. चकलीने जीभ दोनदा बाहेर काढली, मान आत ओढली आणि... झाला चेंडू!

2 जून, पुन्हा प्रयत्न. चेंडू. 4 जून, चेंडू. 6 जून, चेंडू. मी उंदीर आणखी गरम केला, लहान दिला, मोठा दिला, पाण्याचं भांडं हलवलं, दिव्याची जागा बदलली. दर अर्ध्या तासाने काचेला नाक लावून बघायचो. रोज तिला उचलून वजन करायचो. नऊ महिन्यांच्या पिल्लाच्या अंगात साठा असतो तो किती! मोठे बॉल पायथन महिनोन् महिने उपाशी राहू शकतात, पण पिल्लाचं तसं नाही. 142 चे 137 झाले, मग 135. एक दहाव्या भागाहून जास्त वजन उतरलं तर डॉक्टरकडे जायचं, असं शेजारणीने लिहून ठेवलं होतं. म्हणजे 128 ही लाल रेघ. डॉक्टर मग नळीने भरवणार. तोंड उघडून, जबरदस्तीने. मला ते डोळ्यासमोर आलं आणि रात्री झोप लागेना. मेली तर? दुसऱ्याचा जीव आपल्या हातात देऊन कोणी गेलंय आणि आपल्याला तो राखता आला नाही, हे सांगायला तोंड कुठलं उघडायचं?

शेवटी 7 जूनला मी ब्रीडरला फोन लावला. माणूस वयस्कर, इंग्रजी मोडकंतोडकं, माझं जर्मन त्याहून मोडकं. मी केलेल्या उपायांची यादी त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला,

"दिवसातून किती वेळा बघतोस तिला?"

मी म्हटलं, "वीस-पंचवीस वेळा."

तो हसला. म्हणाला, "मग ती जेवेल कशी?"

मग त्याने समजावून सांगितलं. हा प्राणी रानात दिवसभर उंदरांच्या नाहीतर वाळवीच्या बिळात दडून असतो. अंग चारी बाजूंनी टेकलेलं असलं की त्याला सुरक्षित वाटतं. जो स्वतःच कोणाची शिकार होईन म्हणून धास्तावलाय, तो शिकार कसली करणार? आमच्याकडे तर चार फुटी काचेची पेटी, तिन्ही बाजूंनी उजेड, आत लपायला एकच मोठ्ठी गुहा, आणि बाहेर चश्मा लावलेला एक राक्षस दर अर्ध्या तासाने डोकावतोय!

दुसरा प्रश्न त्याने तापमानाचा विचारला. मी ऐटीत सांगितलं, "थर्मोस्टॅट 32 दाखवतोय." तो म्हणाला, "थर्मोस्टॅट राहू दे, साप बसतो तिथे किती आहे?"

इथे मात्र माझी मान खाली गेली. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा विद्यार्थी! सेन्सर कुठे बसवला यावर रीडिंग अवलंबून असतं, हे आपण व्हायवाला घडाघडा सांगतो. लॅबमधून इन्फ्रारेड थर्मामीटर मागून आणला. थर्मोस्टॅटचा प्रोब पेटीच्या बाहेर, खालच्या हीटिंग मॅटला चिकटवलेला होता. तिथे 32 होते खरे. पण आत झाडाच्या सालींचा जाड थर, आणि त्याच्यावर जिथे चकली बसायची तिथे फक्त 27! रात्री त्याहूनही कमी. साप स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही, पचन बाहेरच्या उबेवर चालतं. थंड पोटात अन्न गेलं तर ते तसंच पडून राहतं. म्हणजे बाईसाहेब नखरे करत नव्हत्या, शहाणपणाने वागत होत्या.

आणि तिसरी गंमत. मी उंदीर सात वाजता द्यायचो, कारण आपल्याकडे सात म्हणजे तिन्हीसांजा. ड्रेस्डेनला जूनमध्ये सूर्य मावळतो नऊच्या पुढे! रात्री हिंडणाऱ्या जनावराला मी भर उन्हात जेवायला उठवत होतो.

9 जूनच्या रविवारी सगळं नीट लावलं. गरम बाजूच्या साली कमी केल्या, प्रोब आत नेला, हळूहळू 32 वर आणलं. थंड बाजू 26. तिन्ही काचांना बाहेरून वर्तमानपत्र चिकटवलं. अंग कसंबसं मावेल अशी दोन छोटी घरं केली, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. घरं कसली, बुटाच्या खोक्याचे तुकडे कापून दार ठेवलेलं. वजन 134. आणि मग ब्रीडरने सांगितलेलं सगळ्यात अवघड काम सुरू केलं : काहीही न करणं.

मित्रांनो, इंजिनिअरला सगळं जमतं, हे जमत नाही. आपल्याला पाच बटणं दिली तर आपण पाचही दाबतो. लॅबमध्ये माझे गाईड रोज बजावायचे, एका वेळी एकच गोष्ट बदल आणि रीडिंग स्थिर होईपर्यंत थांब. लॅबमध्ये मी ऐकायचो, घरी मात्र रोज पाच गोष्टी बदलत होतो.

त्या दिवसांत मला सारखं आपलं हॉस्टेल आठवायचं. पहिल्या सेमिस्टरला माझा एम-वन उडाला होता. मेसला जायचं बंद केलं होतं. भूक नव्हती असं नाही, पण मेसमध्ये चारजण विचारणार, किती पडले? घरून दिवसाला चार फोन, "जेवलास का?" मी खोटंच "हो" म्हणायचो. जितकं विचारायचे तितका घास घशाखाली उतरेना. मामा तर म्हणाले, मी येऊन भरवतो! शेवटी एका रात्री रूममेटने डबा माझ्या टेबलावर ठेवला, एक शब्द बोलला नाही, दिवा मालवला आणि "येतो जरा" म्हणून बाहेर गेला. अर्ध्या तासाने आला तेव्हा डबा रिकामा होता. त्यावरही तो काही बोलला नाही. डबा घासून ठेवला आणि झोपला. आजपर्यंत आम्ही त्या डब्याबद्दल कधी बोललो नाही.

असो. 13 जूनला चकलीचे डोळे निळसर झाले. मी घाबरलो, पण ती कात टाकायची तयारी होती. या काळात सापाला धड दिसत नाही आणि बहुतेक साप जेवतही नाहीत. पेटीत ओलावा थोडा वाढवला आणि पुन्हा गप्प बसलो. 20 तारखेला पाहतो तर खोक्याबाहेर कात पडलेली, डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड! चकली नवी कोरी. दोन-तीन दिवस तिला तसंच राहू दिलं.

23 जून, रविवार. वजन 132. शेवटचं जेवण ब्रीडरकडे 14 मे ला झालेलं, म्हणजे चाळीस दिवस झाले. रात्री साडेदहाला खोलीत पूर्ण अंधार केला. कोपऱ्यात मोबाईलचा उजेड भिंतीकडे तोंड करून. उंदीर गरम केला, डोकं जरा जास्त गरम ठेवलं, चिमट्याने खोक्याच्या दारापाशी नेला. हलवला नाही. नुसता धरून ठेवला. हात आखडला.

दारातून डोकं बाहेर आलं. जीभ लपलप. मान इंग्रजी एस सारखी वळली. माझा श्वास बंद. आणि फट्! काही कळायच्या आत चिमटा हिसकला गेला आणि उंदराभोवती तीन वेढे पडलेले! उंदीर केव्हाचाच मेलेला होता, पण तिला ते कोण सांगणार? पाच मिनिटं आवळून धरला, मग सैल सोडून तोंड शोधलं आणि डोक्याकडून गिळायला सुरुवात केली. दहा-बारा मिनिटांनी बाहेर फक्त शेपटीचं टोक उरलं, मग तेही गेलं. शेवटी जबडे जागेवर बसवायला तिने एक मोठ्ठी जांभई दिली.

मी, ज्याला महिन्यापूर्वी ते पाकीट बघून मळमळत होतं, तो काळोखात जमिनीवर बसून डोळे पुसत होतो. रात्रीचे पावणेअकरा, म्हणजे भारतात सव्वादोन. तरी घरी मेसेज टाकला, "जेवली." मिनिटभरात आईचं उत्तर आलं, "बरं झालं. आता तिला निजू दे." आई जागीच होती!

जेवणानंतर दोन दिवस मी तिला हात लावला नाही, नाहीतर साप खाल्लेलं उलटून टाकतो. 30 जूनला दुसरा उंदीर तिने पहिल्याच झटक्यात घेतला. 1 जुलैला शेजारीण परत आली. पेटीवरची वर्तमानपत्रं आणि बुटाची खोकी पाहून म्हणाली, "हे काय झोपडपट्टी केलीस?" पण वजनाची वही पाहिल्यावर गप्प झाली आणि मला घट्ट मिठी मारली.

(एक महत्त्वाचं : हे वाचून कोणी हॉस्टेलवर साप आणायच्या विचारात असेल तर सावधान! आपल्याकडच्या सापांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते पकडणं, पाळणं गुन्हा आहे. साप दिसला तर लांब उभे राहा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा.)

परत आलो तेव्हा श्रावण लागलेला. 9 ऑगस्टला नागपंचमी होती. आजीने पाटावर गंधाने नाग काढला, दूध-लाह्या ठेवल्या, पुरणाची दिंडं केली. मी ज्ञान पाजळलं, "आजी, साप दूध पीत नाही गं. उपाशी-तहानलेला असला तरच नाइलाजाने तोंड लावतो." आजी म्हणाली, "माहितेय मला. म्हणून तर पाटावर काढलाय, टोपलीतला नाही आणला."

मग तिने नैवेद्य दाखवला, पाणी फिरवलं आणि मला हाताला धरून देवघराबाहेर काढून दार लोटून घेतलं.

मी विचारलं, "बाहेर का?"

"अरे, कोणी जेवत असताना समोर उभं राहून घास मोजू नयेत," आजी म्हणाली.

जी गोष्ट शिकायला मला ड्रेस्डेनला जाऊन चाळीस दिवस लागले, ती आमच्या देवघराच्या दारात दर वर्षी घडत होती!

— अंतिम वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन