दोन दिवसांचं औरंगाबाद

अम्मीला औरंगाबाद बघायचंय. वय बहात्तर, गुडघे दुखरे. मला दोनच दिवस मोकळे मिळतायत, शनिवार आणि रविवार. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर. माझा मुलगा तेच म्हणतो, अम्मीच्या तोंडातून जुनंच निघतं.

पहिली यादी मी हावरटासारखी केली. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा, खुलताबाद. अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटर, म्हणजे दिवस तिथेच संपला. दौलताबादचा चढ अम्मीला जमणार नाही. दोन्ही कापली.

अम्मीने यादी ऐकून एवढंच विचारलं, "दोन दिवस पाणी कोण भरणार?"

नालासोपाऱ्यात राहणाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे पहाटे मोटर सुरू झाली की घरातलं एक माणूस उठतंच. अम्मीने लग्नं चुकवलीत, ड्रम भरायचा चुकवलेला नाही.

त्या रात्री शहराबद्दल वाचत बसलो आणि मलिक अंबर भेटला. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा वजीर. 1610 साली त्याने खडकी वसवली, तेच हे शहर. आणि वस्तीसाठी जमिनीखालून पाणी आणलं, नहर-ए-अंबरी. खुलताबाद म्हटलं की लोक औरंगजेबाच्या कबरीवरून भांडतात. 1626 साली वारलेला मलिक अंबरही त्याच गावात दफन आहे, हे मला चाळिशीत कळलं. पाणी पाजणं मोठा सवाब, असं अम्मी लहानपणापासून सांगते. तो सवाब कमावणाऱ्याचं नाव मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

मग बेत नव्याने मांडला. शुक्रवारी रात्री दादरहून देवगिरी एक्सप्रेस. शनिवारी सकाळी पाणचक्की. तिथे डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर दर्ग्याच्या फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळायचे. दुपारी जवळच मकबरा. रविवारी खुलताबादला मलिक अंबरसाठी फातेहा, आणि तिथून थोड्याच अंतरावर वेरूळ. फक्त कैलास लेणं, कारण ते गाडीतळापासून जवळ आहे. वेरूळ मंगळवारी बंद असतं, तुम्ही जाणार असाल तर लक्षात ठेवा.

पाण्याचाही प्रश्न सुटला. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "चावी ठेवा, मी भरते." अम्मीने त्यांना दोनदा ड्रम दाखवला आणि विचारलं, "तुम्हाला काय आणू?"

काकूंनी हिमरूची शाल सांगितलीय. यादीत तेवढी एक जागा वाढली.