सरबताचा ताळेबंद

बँकेतल्या कारकुनानं सरबत करायला घेतलं तर काय होतं, हे मी आता अधिकारवाणीनं सांगू शकतो. आधी हिशेब जुळत नाही, आणि मग सरबत कडू होतं.

वास्तविक सरबताशी माझा संबंध आजवर ग्राहकापुरताच होता. कोणी पुढे केलं की "कशाला उगीच त्रास घेतलात" असं म्हणायचं आणि म्हणता म्हणता ग्लास रिकामा करायचा. पण नामपूरच्या आमच्या शाखेतले शिपाई मामा ३१ मेला निवृत्त होणार असं ठरलं. म्हणजे ते मामा जन्मले तेव्हाच ठरलं होतं. आमच्या लक्षात मेच्या मध्यावर आलं. मग रिवाजाप्रमाणे कामकाज संपल्यावर मीटिंग भरली. शाल, नारळ, मामींना साडी आणि साहेबांचं भाषण, हे चारही ठराव एकमतानं मंजूर झाले. (साहेबांचं भाषण साहेबांनीच मांडलं आणि साहेबांनीच मंजूर केलं.) गाडी अडली ती पेयपानापाशी.

आमच्याकडे पुण्याहून बदलून आलेला एक तरुण अधिकारी आहे. पोरगा हुशार, कामाला वाघ. तो म्हणाला, "मामांना सुका निरोप देणार? छे! ढाब्यावर हॉल घेऊ. पार्टी ओली पाहिजे."

आमच्या बागलाणात ओला आणि सुका हे शब्द दुष्काळाला लावतात. ते पार्टीलाही लागतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी मात्र ऐकताना पोटात गोळा आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा त्या वेळी बाहेर शटर ओढत होते. आणि मी, ज्यानं वीस वर्षांच्या नोकरीत एकाही मीटिंगमध्ये स्वतःहून तोंड उघडलेलं नाही, तो मी उभा राहून म्हणालो, "समारंभ शाखेतच करू. सरबत मी करतो."

एकदम शांतता पसरली. रोख मोजण्याचं यंत्रसुद्धा थांबलं.

तुम्ही म्हणाल, एवढा सरबताचा पुळका कशाला? तर त्याचं कारण एका पासबुकात आहे. माणसाचं चरित्र कळायला कारकुनाला आत्मचरित्राची गरज नसते, खात्याचा उतारा पुरतो. (बँकेची गुप्तता मोडतोय असं कोणी समजू नये. हे सगळं मामांना विचारून लिहितो आहे. ते म्हणाले, "लिहा. फक्त साखरेचं माप चुकवू नका.")

मी या शाखेत पहिल्यांदा आलो तेव्हा मामांचा पगार महिनाअखेरीस जमा व्हायचा आणि नव्या महिन्याच्या तीन तारखेपर्यंत खात्यातून निघून जायचा. एक तारखेला मामी खांबाजवळ येऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या काही नाहीत, नुसत्या उभ्या राहायच्या. काही वेळा वेळेवर पोचायच्या, काही वेळा नाही. संध्याकाळी मामा कुठे असतात हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मग एका जून महिन्यात मामा माझ्या काउंटरशी आले आणि पाचशे रुपयांचं रिकरिंग खातं उघडायचंय म्हणाले. का ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फॉर्म तेवढा भरून दिला. पण त्यानंतर दहा तारखेलाही खात्यात शिल्लक दिसू लागली आणि मामी खांबाजवळ यायच्या बंद झाल्या. मामांनी सोडली हे मला कोणी कळवलं नाही. शिल्लक रकमेनं कळवलं. त्याला आता तेरा वर्षं झाली.

या तेरा वर्षांत शाखेच्या किती पार्ट्या झाल्या! प्रत्येक पार्टीला मामा यायचे आणि प्रत्येक पार्टीत बाहेर उभे राहायचे. "गाड्यांकडे बघतो," म्हणायचे. आम्ही आत बसून कौतुक करायचो, मामा किती प्रामाणिक, पार्टीतही ड्यूटी करतात! गाड्यांना कोणी हात लावणार नव्हतं. धोका कुठल्या टेबलावर होता हे मामांना पक्कं माहीत होतं. आता ढाब्यावर निरोप ठरला असता, तर स्वतःच्याच निरोप समारंभात हा माणूस बाहेर आमच्या स्कूटरी राखत उभा राहिला असता. म्हणून सरबत.

घरी आल्यावर सौभाग्यवतींना पराक्रम सांगितला. त्या म्हणाल्या, "तुम्हाला लिंबू कापता येतं का?" मी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मी बी.कॉम. आहे. (कितव्या वर्गात ते कोणी विचारलं तरच सांगतो.) खातेदार, आजी-माजी कर्मचारी आणि मामांचे नातेवाईक धरून माणसं ६०. माणशी २ ग्लास, म्हणजे १२० ग्लास. ग्लास २०० मिलिलिटरचा, म्हणजे एकूण २४ लिटर. इथवर सगळं शास्त्रशुद्ध होतं. पुढे माझं बागलाणी रक्त उसळलं.

झालं असं की नुसतं लिंबूसरबत मला जरा गरीब वाटलं. परवा नाशिकला भाच्याच्या वाढदिवसाला एका हॉटेलात 'व्हर्जिन मोहितो' नावाची वस्तू प्यायलो. लिंबू, पुदिना, साखर, सोडा आणि पुष्कळसा बर्फ. किंमत १८० रुपये. गरिबी लिंबात नसते, नावात असते, हे त्या दिवशी कळलं. नाहीतर लिंबाचा मान काय कमी आहे? इंग्रजांच्या आरमारात खलाशांच्या हिरड्या सुजून ती माणसं मरायची. जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरानं १७४७ साली संत्री-लिंबं देऊन काही जणांना बरं करून दाखवलं, आणि सरकारी कारभार तिथेही आपल्यासारखाच असल्यामुळे १७९५ साली सगळ्या आरमारात लिंबाचा रस सुरू झाला. ४८ वर्षांत फाइल हलली! तोही रस खलाशांना रमच्या पाण्यात मिसळून देत. म्हणजे लिंबाला दारूची संगत इंग्रजांनी लावली. आपण त्याला उपोषण सोडायच्या कामावर ठेवलं.

तर सरबत श्रीमंत करण्यासाठी मी त्यात मोसंबी घालायचं ठरवलं. कारण भावनिक होतं. नामपूर मोसम नदीच्या काठी. लहानपणापासून माझी समजूत अशी की मोसमची ती मोसंबी. पुढे कळलं की मोसंबीचं नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आलंय, आणि बागा म्हणाल तर त्या मराठवाड्यात, जालन्याकडे. आमच्याकडे कांदा, द्राक्षं आणि डाळिंब. पण लहानपणचं प्रेम पुराव्यानं थोडंच सुटतं? मी तीन डझन मोसंबी आणि ६० लिंबं आणली.

लिंबाचा भाव ऐकून मात्र घाम फुटला. लिंबाच्या झाडाला आपल्याकडे भरपूर फळ येतं ते पावसाळ्यात, जेव्हा ते कोणाला नको असतं. उन्हाळ्यात हवं तर हस्त बहार धरावा लागतो. त्यासाठी पावसाळा सरता सरता झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस जमीन कोरडी होऊ देत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये तर एक लिंबू दहा रुपयांना गेलं होतं आणि लोक दाराला लिंबू-मिरची टांगण्याआधी दोनदा विचार करत होते.

३० तारखेच्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही रस काढायला बसलो. काम आगाऊ उरकावं ही माझी नोकरीतली शिस्त. (नोकरीत ती मी पाळत नाही, म्हणून घरी पाळली.) मोसंबी यंत्रात घातली, लिंबं लाकडी चिमट्यात घालून शेवटचा थेंब निघेपर्यंत दाबली. एकही थेंब बुडीत खाती जाऊ दिला नाही. रस फ्रीजमध्ये ठेवला आणि कर्तव्य पार पाडलेल्या माणसाप्रमाणे झोपलो.

सकाळी चमचाभर चाखला. वाचकहो, काडेचिराईत परवडला असता!

सौ.ला वाटलं, बी चिरडली गेली. मला वाटलं, दृष्ट लागली. पुढे भाच्यानं, तो रसायनशास्त्र शिकतो, खुलासा केला. मोसंबी अखंड असते तोवर तिच्यात हे कडूपण नसतं. रस निघाला आणि तसाच राहिला की त्यातला एक द्रव्याचा अंश आंबटाच्या संगतीत हळूहळू पालटतो आणि लिमोनिन नावाचा कडू पदार्थ तयार होतो. फळ पिळून ठेवून दिलं की काही तासांनी कडू होतं. मला एकदम आमच्या शाखेतले प्रमोशन न मिळालेले तीन-चार चेहरे आठवले. त्यात एक माझा होता.

पण हा खुलासा नंतरचा. त्या दिवशी दुपारी एक वाजता मी शाखेच्या पँट्रीत कडू रसाच्या दोन बरण्यांसमोर उभा होतो आणि चार वाजता समारंभ होता. तेवढ्यात मामा आत आले. नवा शर्ट, कपाळावर मामींनी लावलेलं कुंकू. खरं तर त्यांनी चारला पाहुणे म्हणून यायचं होतं, पण पस्तीस वर्षांची सवय. माझा चेहरा पाहून त्यांनी बोट बुडवून चाटलं.

"भाऊ, हाई काय शे?"

"सरबत," मी म्हणालो.

"कडू व्हई गयं," मामा म्हणाले. मग माझ्याकडे बघून मराठीवर आले. "ओतून द्या. साठ लिंबं मागवा. आत्ताची. आणि ती मोसंबी आजाऱ्याला द्यायची असते, ताजी काढून, तिथंच उभं राहून."

मी म्हणालो, "मामा, तुम्ही बसा. आज तुमचा सत्कार."

"सत्कार चारला आहे. आता एक वाजलाय."

आणि सत्कारमूर्तीनं नवा शर्ट काढून खुंटीला लावला. मी आजवर पुष्कळ शरमलो आहे, पण इतका कामाला लागून कधी शरमलो नव्हतो.

मामांचं माप असं. एक लिंबू, दोन ग्लास पाणी, तीन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ. आमच्या १२० ग्लासांना साठ लिंबं आणि अडीच किलो साखर. साखर आधी थोड्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवायची; गार पाण्यात ती तळाशी बसते आणि शेवटच्या पाहुण्याला पाक मिळतो. चव बघताना किंचित जास्त गोड लागली पाहिजे, कारण गारव्यानं जिभेला गोडी कमी कळते आणि बर्फ वितळून पाणी वाढतं ते वेगळंच. भांडं स्टीलचं, कल्हई उडालेल्या पितळेत आंबट कळकतं. लिंबं कापायची सगळ्यात शेवटी, पाहुणे दारात आल्यावर. बिया गाळून घ्यायच्या. आणि पिळायची हातानं, हलकीच.

मी चिमटा पुढे केला. तो बाजूला सारत मामा म्हणाले, "भाऊ, लिंबू पिळायचं असतं, छळायचं नसतं. शेवटच्या थेंबाच्या नादाला लागलं की सालीचा कडवटपणा उतरतो."

शेवटच्या थेंबाबद्दल त्यांच्याइतक्या अधिकारानं बोलणारा त्या खोलीत दुसरा कोणी नव्हता. मी गप्प राहिलो. मग तेच बोलले, पिळता पिळता, माझ्याकडे न बघता. "सोडली तेव्हा पहिलं वर्ष वाईट गेलं. सहा वाजले की हाताला ग्लास लागायचा. तोंडाला नंतर, हाताला आधी. हिनं रोज सहाला एक ग्लास करून हातात दिला. एक लिंबू, दोन ग्लास. एक माझा, एक तिचा. कुठं बाहेर गेलो की अडचण. सगळ्यांच्या हातात ग्लास आणि आपला हात रिकामा. मग लोक विचारतात. म्हणून गाड्यांकडे बघायचो."

एका लिंबाला दोन ग्लास हे माप कुठून आलं ते मला तेव्हा कळलं.

चार वाजता समारंभ झाला. साहेब पंचवीस मिनिटं बोलले. त्यात मामांचा उल्लेख दोनदा आला. बाहेर ऊन रणरणत होतं, आत गार ग्लास फिरत होते. पुण्याच्या आमच्या तरुण अधिकाऱ्यानं तीन ग्लास घेतले आणि तिसऱ्याला हळूच विचारलं, "यात घातलंय काय?" मी म्हणालो, "काही नाही. तेच घातलंय." मामा पुढच्या खुर्चीत, शाल पांघरून, हातात ग्लास धरून बसले होते. आत बसले होते. शेजारी मामी. खांब तिथून हाताच्या अंतरावर होता, पण त्या दिवशी त्याला कोणी टेकलं नव्हतं.

मामांना दोन शब्द बोला म्हटलं. ते उठले, ग्लास उंच केला आणि म्हणाले, "तेरा वर्षांत पहिल्यांदा पार्टीत बसलो. आज गाड्या कोण बघतंय?" सगळे हसले. सगळ्यांना विनोद वाटला. मी मात्र चष्मा पुसायला लागलो. बर्फाच्या वाफेनं काच धूसर होते.

रात्री हिशेब मांडला. बुडालेली तीन डझन मोसंबी, दोनदा आणलेली लिंबं, साखर, बर्फ आणि वर्गणी, सगळी बेरीज केली तर अकरा रुपये जास्त निघाले. आमच्या धंद्यात कमी पडले तर खिशातून भरता येतात, पण जास्त निघाले की झोप उडते. तीनदा ताळा केला. जुळेना. शेवटी सौ. म्हणाली, "मामांनी दिले असतील. लिंबं आणायला पोरगा त्यांनीच पाठवला होता."

सकाळी विचारलं. मामा म्हणाले, "दोन ग्लासांचं माझं भरलं. फुकटचं पीत नाही आता."

ती रक्कम कुठल्या शीर्षाखाली दाखवावी हे मला अजून सुचलेलं नाही. तूर्त ती मी टेबलाच्या खणात स्वतंत्र पाकिटात ठेवली आहे. पाकिटावर 'अनामत' असं लिहिलंय.