चौकटीबाहेरचं पाणी

आजी, तुझ्यावरच्या सिनेमात मुळशीचं पाणी नाही. एकाही दृश्यात नाही. ज्यांनी पैसे घातले त्यांना हे अजून पटलेलं नाही, आणि कॅमेरामन तर कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता. त्याचं तरी काय चुकलं? श्रावणात ताम्हिणीकडून ढग खाली येतात, डोंगर पाण्यात उलटे उभे राहतात, मध्येच उन्हाची तिरीप पडते. अशा वेळी कॅमेरावाल्यानं हात बांधून बसायचं? हट्टानं त्यानं एकदा ड्रोन उडवलाच. चित्रण पाहताना सगळे गप्प झाले, इतकं ते देखणं होतं. तीच तर अडचण. ते पाणी कुरूप असतं तर मी खुशाल दाखवलं असतं.

तू त्याच्याकडे पाठ करून बसायचीस. वरच्या अंगाला नव्यानं बांधलेल्या आपल्या घराचं दार पाण्याच्या बाजूला, म्हणून तुझी बैठक कायम मागच्या पडवीत. मांडीवर सूप, सुपात बाजारचा जाडा तांदूळ. तुझ्या चेहऱ्यावर राग नसायचा. एखाद्या घराशी बोलणं तुटलं की माणूस त्या आळीनं जाईनासा होतो, तेवढंच. मी लहान होतो तेव्हा वाटायचं, हिला पाण्याची भीती वाटते.

भीती कसली? गिरण्यांना वीज हवी होती. मुळा आणि निळेचं पाणी मावळात अडवायचं, बोगद्यानं सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याला दीड हजार फुटांच्या आसपास खाली सोडायचं, त्यावर जनित्रं फिरवायची आणि वीज मुंबईला न्यायची. हिशेब चोख होता. त्यात आंबेमोहराची खाचरं बुडत होती, एवढंच. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले, बायामुलांसकट. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा तिथली. पांडुरंग महादेव बापटांना सगळा महाराष्ट्र सेनापती म्हणू लागला तो या लढ्यामुळे. काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, माणसं तुरुंगात गेली. १९२४ पर्यंत धग टिकली आणि १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. राजेंद्र व्होरांनी या लढ्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. हे सगळं मी पुस्तकांतून घेतलं. तुला विचारलं तर तू सांगायचीस, की त्या दिवशी सुंठवडा पोरांपर्यंत पोचलाच नाही.

तू नऊ वर्षांची होतीस. पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात मी तुझ्या हातात झेंडा दिला होता. मग काढून घेतला. आता तिथं एक मुलगी आहे, तिला भूक लागली आहे, आणि मोठ्यांच्या पायांमधून तिला भाषण करणाऱ्याच्या फक्त वहाणा दिसतात. सेनापतींचा आवाजही नीट ऐकू येत नाही. काही मंडळी यावर रागावतील. रागावू देत, सेनापतींवर पुस्तकं आहेत, तुझ्यावर नाही.

तुला शोधायला मी ओव्यांकडे गेलो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशी-मावळातल्या वस्त्यांपासून पुढे महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या लाखभराहून जास्त ओव्या जमवल्या आहेत. रात्री हेडफोन लावून ऐकत बसायचो. तुझा आवाज त्यात असणं शक्य नव्हतं, तरी दर नव्या आवाजाला कान टवकारायचे. ओव्यांतून सिनेमासाठी शब्द एकही घेतला नाही. घेतली ती लय. सूपभर धान्य दळायला जितका वेळ लागतो तितका वेळ कॅमेरा जागचा हलवायचा नाही, असं ठरवलं. संकलकाला वाटलं, मी झोपलो आहे.

भाताचं मात्र काही जमलं नाही. राब भाजण्यापासून लावणी, झोडणीपर्यंत सगळं चित्रित केलं. इरली मिळाली, आवण काढणाऱ्या बायका मिळाल्या. पण आंबेमोहर शिजताना दोन घरं पलीकडे वास जातो, तू सांगायचीस, तो कुठून आणू? पडद्याला नाक नसतं. शेवटी चुलीवरचं भांडं दाखवलं आणि अंगणात खेळणाऱ्या पोराला एकदम मान वळवायला लावली. तुला ते आवडलं असतं की तू हसली असतीस, कोण जाणे.

आणि प्रकाश. नव्या घरात माझ्या लहानपणीही रॉकेलची चिमणी जळायची. पाणी दारात, वीज घाटापल्याड. तुझा थोरला भाऊ परळला गिरणीत लागला आणि आपल्याच शेतावरून गेलेल्या पाण्याच्या विजेवर साचे चालवत राहिला. १९२५ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. त्यातलाही शेतकरी सावकारापायी जमीन घालवून शहरात गिरणीवर जातो. म्हणजे मुळशीचा लढा मोडतो न मोडतो तोच आपल्या घरची गोष्ट पडद्यावर येऊन गेली होती. तुम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

सावकार आमच्याही सिनेमात आहे. त्याच्याशिवाय मुळशी सांगताच येत नाही. कितीतरी खाचरं पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती, कसणारा मावळा त्यांचं कूळ. मोबदला मिळायचा तो कागदावरच्या मालकाला. सावकारांतले पुष्कळसे पैसे घेऊन मोकळे व्हायला राजी होते, आणि लढा आतून पोखरला गेला तो तिथंच. निर्मात्यांना मात्र एक जोरकस दृश्य हवं होतं: तुझा बाप भरपाईच्या नोटा नदीत भिरकावतो, मागे ढोल.

मी म्हणालो, फेकायला आधी हातात याव्या लागतात.

मग तो त्या दृश्यात करतो तरी काय, त्यांनी विचारलं. मी तू सांगितलेलं सांगितलं. तो सावकाराच्या ओसरीखाली पागोटं काखेत धरून उभा राहतो. आत रक्कम मोजून होते, पावतीवर सही होते. मग आतून कुणीतरी डोकावून विचारतं, ‘आणि यंदाच्या खंडाचं काय?’