डेटाशीट भरण्याआधी

नव्या प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंटवाल्याचे काम तसे सोपे असते. प्रवाह, दाब, तापमान प्रोसेसवाले लिहून देतात, त्यावरून आपण मीटर निवडायचा. जुन्या प्लँटमध्ये पाइप आधीच टाकलेला असतो, वाफ वाहत असते आणि कपाटातले ड्रॉइंग कुठल्या तरी जुन्या शटडाऊननंतर कुणी उघडलेलेच नसते. म्हैसूरच्या हेब्बाळ, मेटगळ्ळी, नंजनगूड या पट्ट्यात अपग्रेडेशनची कामे करताना एक गोष्ट मला पक्की पटली आहे. डेटाशीट टेबलावर बसून भरावी, पण तिच्यातला प्रत्येक आकडा शॉप फ्लोअरवर जाऊन आणावा.

बाहेरच्यांना हे गाव राजवाडा आणि दसऱ्यापुरते ठाऊक असते. पण इथे प्रोसेस कारखानदारीही शंभर वर्षांची आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीला जाणारे चंदनाचे लाकूड अडकले, तेव्हा म्हैसूर संस्थानाने तेल इथेच गाळायला घेतले. १९३७ साली रंग आणि वार्निशचा सरकारी कारखाना निघाला. मतदाराच्या बोटाला लागणारी शाई १९६२ पासून त्याच कारखान्यात बनते. इतकी जुनी परंपरा असलेल्या गावात वाफेची लाइन एका जमान्याची आणि उत्पादन दुसऱ्या जमान्याचे, हे चित्र नवे नाही. पाइप तोच राहतो, त्याच्याकडून मागितले जाणारे काम बदलत जाते.

एका कारखान्यातला वाफेचा मीटर घ्या. बॉयलरकडून येणारी सहा इंची लाइन, दाब सात बार, लाइनवर ओरिफिस प्लेट आणि डीपी ट्रान्समीटर. सगळा हिशेब ताशी पाच टनांचा, आणि पाच टनांना डीपी २,५०० मिलिमीटर. इंडेंटवर मागणी एका ओळीची होती, ‘जुना काढून तसाच नवा देणे’. रात्रपाळीच्या ऑपरेटरने मात्र कानडीत सरळ सांगितले, “सर, ई मीटर रात्रि सुळ्ळु हेळुत्ते.” रात्री हा मीटर खोटे बोलतो.

त्याचे म्हणणे खरे होते. रात्री दोनच व्हेसल चालत आणि वाफ जेमतेम टनभर लागे. ओरिफिसमध्ये प्रवाह एक-पंचमांश झाला की डीपी एक-पंचविसांशावर येतो, म्हणजे २,५०० चे उरतात १००. इम्पल्स लाइनच्या एका बाजूचे पाणी सेंटिमीटरभर खाली गेले, तरी या शंभरात दहा मिलिमीटरची चूक तिथेच झाली. ट्रान्समीटर कितीही भारी आणला, तरी हे पाणी त्याला आवरणार नाही. शिवाय कॅटलॉगमधली एक टक्का अॅक्युरसी स्पॅनची की रीडिंगची, हेही बघावे लागते. पाच टनांच्या स्पॅनचा एक टक्का म्हणजे पन्नास किलो, आणि रात्रीच्या एका टनावर तीच चूक पाच टक्के होते.

मग व्हॉर्टेक्स मीटरचा विचार झाला. पण त्यालाही ठरावीक वेगाखाली काही कळत नाही, तो सरळ शून्य दाखवतो. सहा इंची लाइनमध्ये टनभर वाफेचा वेग सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास, अगदी काठावरचा. मीटर चार इंची घेतला तर तोच वेग आठच्या पुढे जातो, आणि दिवसाच्या पाच टनांना चाळीसच्या जवळ, जो त्याला सहज पेलतो. म्हणून लाइन सहा इंची, मीटर चार इंची, दोन्हीकडे रिड्यूसर. आता आधी-नंतर सरळ पाइप हवा, आणि बॉयलरपाशी तर एल्बोला लागूनच व्हॉल्व्ह. त्यामुळे मीटर पाइप रॅकवर गेला. तिथे माणूस पोचावा म्हणून शिडी आणि प्लॅटफॉर्म आला, आणि तो खर्च इन्स्ट्रुमेंटच्या बजेटमध्ये कुणी धरलाच नव्हता.

मोठे मीटर तरी सगळ्यांच्या नजरेत असतात. शटडाऊन अडतो तो बारीकसारीक गोष्टींवर. जुन्या थर्मोवेलचे सॉकेट अर्धा इंच बीएसपी आणि नवा थर्मोवेल अर्धा इंच एनपीटी, हा त्यातला नेहमीचा प्रकार. दोन्हींना इंचाला चौदाच आटे, त्यामुळे फिटर दोन-तीन आटे सहज फिरवतो आणि बसले म्हणतो. पण आट्यांचे कोन वेगळे आहेत, एकाचे ५५ अंश, दुसऱ्याचे ६०. कितीही टेप गुंडाळा, वाफ चढली की ते गळणारच. थ्रेड गेज खिशात ठेवून प्रत्येक सॉकेट आधी तपासावे, हाच त्यावर उपाय.

अपग्रेड म्हणजे सगळे काढून टाकणे, असाही एक समज आहे. ३ ते १५ पीएसआयवर चालणाऱ्या न्यूमॅटिक व्हॉल्व्हची सीट चांगली असेल, तर एक आय-टू-पी कन्व्हर्टर लावून तो ४ ते २० मिलिअँपच्या लूपमध्ये बसतो. जुन्या लोकांनी शून्याला ३ पीएसआय ठेवले आणि नव्यांनी ४ मिलिअँप, त्यामागचा विचार एकच. ट्यूब फुटली किंवा तार तुटली, तर ते खऱ्या शून्यापेक्षा वेगळे दिसले पाहिजे. मात्र तोच व्हॉल्व्ह दिवसभर दहा टक्क्यांवर अडखळत चालत असेल, तर तो कामापेक्षा मोठा आहे. त्यावर नवा पोझिशनर चढवण्यात पैसे घालू नयेत.

प्रत्येक टॅगपुढे मी एक प्रश्न लिहितो, हा आकडा बघून कोण काय करणार? उत्तर ‘कुणीच काही नाही’ असेल, तर तो टॅग यादीतून जातो. रात्रीच्या वाफेचा आकडा बघून दुसरा बॉयलर बंद ठेवायचा असेल, तर सगळ्यात चांगला मीटर तिथेच लागला पाहिजे.

या धंद्यात नव्याने आलेल्यांना एवढेच सांगणे आहे, व्हेंडरला फोन लावण्याआधी त्या प्लँटवर एक रात्रपाळी काढा. मिनिमम फ्लोचा रकाना ड्रॉइंगवरून भरू नका.